लोहपंखाला लिहिलेली चिठ्ठी

माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं ते एका हिंदी कॉमिकच्या शेवटच्या पानावर. पुढे मी मास्तरीण झाले, शाळेच्या वार्षिकांकात लिहिलं, दोन-चार वेळा वर्तमानपत्रातही काही आलं. ती सगळी कात्रणं मी नीट फाइलला लावून ठेवली आहेत. नातवंडं आली की दाखवते, मिरवते. ते पहिलं पान मात्र फाइलमध्ये नाही. ते माझ्याजवळ कधी नव्हतंच. त्याबद्दल मी कुणाला बोललेही नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आता साठी जवळ आल्यावर लिहायला बसले आहे, तर आधी हेच लिहून टाकते. नाहीतर बाकीची प्रकरणं म्हणजे नुसती मिरवणूक होईल.

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढे आमचं गाव. घरात तीन माणसं. माय, माझा मोठा भाऊ नामदेव आणि मी. बाबा मला आठवतच नाहीत. माय बिड्या वळायची. त्या घराचा आवाज कोणता, असं कुणी विचारलं तर मी कात्रीचा म्हणेन. ओली तेंदूची पानं, त्यावर ठेवलेला पत्र्याचा फर्मा आणि त्याच्या कडेनं फिरणारी कात्री. सकाळी डोळा उघडला की कचक-कचक, शाळेतून आलं की कचक-कचक. मायच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दातात दोऱ्याचं टोक. माझ्या दप्तराला, वह्यांना, डब्यातल्या भाताला, सगळ्याला तंबाखूचा वास. जेवायला बहुतेक वेळा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. भाऊ कामावरून येताना कधी सुके झिंगे आणायचा. मग माय ते तव्यावर भाजायची, तेव्हा शेजारचं मांजरसुद्धा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचं. आजही कुठे झिंगे भाजल्याचा वास आला की मला आधी भाऊ आठवतो, मग भूक लागते.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चौथीतून शाळा सुटलेली. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये पोती वाहायचा. पाठ अशी रुंद की मी दहा वर्षांची झाले तरी त्याच्या पाठीवर बसून तळ्यावर जायची. माय ओरडायची, ‘‘घोडी झाली थे, उतरव तिले!’’ आणि हा म्हणायचा, ‘‘पोत्यापेक्षा हलकी आहे ना वं, राहू दे.’’ मिलमधून सुटला की तो बाजारातल्या कॉमिकवाल्या चाचाकडून एक कॉमिक भाड्यानं आणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. मुलींनी त्या दुकानासमोर उभं राहायची सोय नव्हती. तिथे सगळे पोट्टेच. त्यामुळे जे काही आणलं ते भावानंच. त्याला वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून अक्षर अक्षर लावत जायचा, म्हणून वाचायचं काम माझं. संध्याकाळी परसात बाजेवर तो पालथा पडायचा, मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि सगळे आवाज काढून वाचायची. खलनायकाचा घोगरा, पोलिसाचा नाकातला, बॉम्बचा ‘धडाम’. आमचा दोघांचा लाडका एकच, लोहपंख. दिवसा सायकली दुरुस्त करणारा साधा माणूस, संकट आलं की पाठीतून लोखंडाचे पंख फुटायचे. माझं हिंदी शाळेत सगळ्यांपेक्षा चांगलं होतं ते या लोहपंखामुळे, गुरुजींमुळे नाही.

मग मिलमध्ये पोत्यांची थप्पी कोसळली. भाऊ खाली सापडला. हाड मोडलं नाही असं सगळे म्हणाले, पण पाठ गेली ती गेलीच. गावात पिशवी घेऊन फिरणारा एक डॉक्टर यायचा. त्यानं सुई टोचली आणि तासाभरात भाऊ उठून बसला, हसला, पेज प्यायला. मायनं त्या डॉक्टरच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत दुखलं, परत सुई. महिन्याभरानं डॉक्टर यायचा बंद झाला. सुई बंद झाली नाही. भाऊ स्वतःच कुठून तरी काचेच्या कुप्या आणायचा आणि परसातल्या भिंतीआड जाऊन टोचून घ्यायचा. मायला वाटायचं, औषध आहे. मला कळत होतं की हे औषध राहिलेलं नाही. तो बसल्या बसल्या पेंगायचा, तोंडातून लाळ यायची, ‘मिलमध्ये जातो’ म्हणून जायचा आणि मिलमधून निरोप यायचा की पंधरा दिवस झाले, नामदेव आलाच नाही. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचात होते. हा मला न्यायला आला आणि पहिल्या रांगेसमोर झोकांड्या खात उभा राहिला, तोंड उघडं टाकून. मागून पोरी फिदीफिदी हसल्या, ‘‘निर्मलाचा भाऊ पाह्य ना, सुईवाला!’’ ते नाव मग गावभर झालं. मी त्या दिवशी त्याच्या दहा पावलं पुढे चालत घरी आले. मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि या गोष्टीची मला तेव्हा जराही लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्याची.

अशात ‘नीली सुई’ आलं. लोहपंखाचा नवा अंक, दोन भागांतला, पहिला भाग. भाऊ त्या दिवशी बरा होता, स्वतः जाऊन घेऊन आला. मी वाचायला लागले. पहिल्याच पानांत लोहपंख उंच इमारतीवरून पडतो, पाठीतला पंख तुटतो. वेदना सहन होत नाहीत म्हणून एक डॉक्टर त्याला निळ्या औषधाची सुई देतो. मग दुसरी. मग तो स्वतःच मागायला लागतो. लोक मदतीसाठी हाका मारताहेत आणि लोहपंख एका पडक्या गोदामात भिंतीला टेकून बसलाय, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. ते चित्र मी कधी विसरणार नाही. कुणी काढलं असेल बाई ते! त्या चित्रकारानं असा माणूस जवळून पाहिलेला असणार. शेवटच्या पानावर लोहपंख थरथरत एका दवाखान्याच्या दारासमोर उभा आहे, हात कडीवर, आणि खाली लिहिलंय, ‘क्या लोहपंख यह दरवाज़ा खोलेगा? पढ़िए अगले भाग में.’

मी पुस्तक मिटलं. भाऊ बाजेवर उठून बसला होता.

‘‘आणखीन एकदा वाच.’’

मी वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यानं मला मधेच थांबवलं, त्या गोदामातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘पुढच्या भागात सोडते ना वं थो?’’

‘‘मले का माहीत?’’

‘‘सोडतेच. लोहपंख आहे थो.’’ आणि जरा थांबून, हसल्यासारखं करत, ‘‘कसा सोडते थे पाहून घेतो. मग मी बी तसाच सोडतो.’’

हे तो थट्टेत बोलला नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. आयुष्यात पुढे मी स्वतःला पुष्कळ समजूत घातली की मला कळलं नव्हतं, पोर होते, वगैरे. खोटं आहे ते. कळलं होतं. ते कॉमिक त्यानं चाचाला परत दिलं नाही. बाजेच्या दोरीत खोचून ठेवलं. माझ्या डोळ्यादेखत दिवसातून दोन दोन वेळा काढून ते दार बघत बसायचा.

मला मात्र त्या कॉमिकचा असा संताप आला होता की विचारू नका. आपल्या घरात जे आहे तेच पुस्तकात कायले पाहिजे? लोहपंख ही एकच जागा होती जिथे पेंगणारा माणूस नव्हता, तिथेही तो येऊन बसला. आणि मी एकटी नव्हते. वर्गातल्या पोट्ट्यांनी सांगितलं की चाचाच्या दुकानात दंगाच झाला. एकानं मुखपृष्ठ फाडलं, एक रडला म्हणे. चाचा सगळ्यांना सांगत होता, ‘‘अरे, मुझ पर क्यों चिल्लाते हो? हीरो को नशेड़ी बना दिया तो छापने वालों को लिखो ना!’’ दुकानाच्या खांबाला त्यानं पत्ता लिहून चिकटवला. पोट्ट्यांनी पोस्टकार्डं पाठवली. वर्गातल्या एकाकडून मी तो पत्ता मागून घेतला. पोस्टकार्ड पुरलं नसतं, म्हणून अंतर्देशीय पत्र आणलं. मायच्या शेजारी बसूनच लिहिलं. ती कात्री चालवता चालवता म्हणाली, ‘‘शाळेचं का वं?’’ मी म्हटलं हो. ‘‘लिव माय, लिव,’’ म्हणाली, आणि उजेड यावा म्हणून स्वतःचं सूप बाजूला सरकवलं. बिडीच्या घरात बसून मी नशेविरुद्ध लिहीत होते, हे मला सुचलंसुद्धा नाही.

पत्रातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. मला ते चांगलं व्हायला हवं होतं ना, म्हणून दोनदा कच्चं लिहिलं होतं. ‘संपादक जी, लोहपंख कभी सुई नहीं ले सकता. सुई लेने वाले कैसे होते हैं, मुझे मालूम है. हमारे घर में भी ऐसा एक आदमी रहता है. दिन भर पड़ा रहता है, लार टपकती है, झूठ बोलता है. ऐसे लोग कभी नहीं सुधरते. ऐसे लोहपंख से तो मरा हुआ लोहपंख अच्छा.’ खाली पूर्ण नाव, गाव, तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा. तेव्हा आमचा जिल्हा भंडाराच होता. घरातल्या माणसाचं उदाहरण दिलं तर पत्र छापून येईल, असं मला वाटलं होतं. हे कबूल करायला बोट जड होतं, पण तसंच होतं. आणि भावाचं नाव घातलं नाही म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला शहाणी समजत होते. त्याची अब्रू राखली म्हणे मी.

दुसरा भाग यायला तीन महिने लागले. ते दिवस भावानं कसे काढले, मला आता आठवायचा प्रयत्न केला तरी नीट आठवत नाही, कारण मी पाहतच नव्हते. एवढं आठवतं की तो दर आठवड्याला गोंदियाला जाऊन विचारून यायचा. काही दिवस त्यानं सुई कमीही केली होती. रात्रभर कण्हायचा, सकाळी मायला म्हणायचा, ‘‘थोडेच दिवस आता.’’ माय मारुतीला नारळ बोलली होती. मग एका रविवारी दुपारी तो अंक घेऊन आला. आंघोळ केलेली, दाढी केलेली, धुतलेला सदरा. दारातूनच ओरडला, ‘‘निरू! आला वं! वाच लवकर!’’ माय तिथेच पानं कापत होती. तीही हसली.

मी वाचायला लागले. दवाखान्याचं दार. हात कडीवर. आणि पान उलटलं तर दार उघडलंच नाही. आकाशातून आवाज आला, ‘रुक जा, बहुरूपिये!’, आणि वरून आणखी एक लोहपंख उतरला. खरा लोहपंख. तो म्हणे इतके दिवस डोंगरातल्या गुहेत कैद होता. सुई घेणारा तो त्याचा शत्रू, वेष बदललेला. खऱ्यानं खोट्याला दोन ठोशांत लोळवलं, लोकांनी जयजयकार केला, आणि लोहपंख म्हणाला, ‘तुमने सोच भी कैसे लिया कि मैं नशा करूँगा?’ वाचताना माझा आवाज चढत गेला होता. मला इतका आनंद झाला होता की मी भावाकडे पाहिलंच नाही. संपल्यावर पाहिलं. तो तसाच बसला होता, धुतलेल्या सदऱ्यात.

‘‘म्हणजे थो नव्हताच का?’’ त्यानं विचारलं.

‘‘नव्हताच! दुसराच कोणी होता.’’

‘‘मग त्याचं का झालं? त्या दुसऱ्याचं? त्याची सुई सुटली का?’’

‘‘त्याचं कायले लिवतीन? खलनायक होता ना थो.’’

त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. पुढे काही असेल म्हणून पानं उलटत गेला असणार. शेवटच्या पानावर, वाचकांच्या पत्रांपाशी थांबला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. ‘‘निरू! तुहं नाव आहे वं! माय, पाह्य, निरूचं नाव छापून आलं!’’ मी म्हटलं, ‘‘दे इकडे, मी वाचतो,’’ आणि हात घातला, पण त्यानं पुस्तक उंच धरलं. त्याला स्वतःलाच वाचायचं होतं. बहिणीचं नाव होतं ना. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, मायला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचायला लागला. सर्व... श्रेष्ठ... पत्र. मी काहीतरी करायला पाहिजे होतं. पुस्तक ओढून फाडायला पाहिजे होतं. मी खांबाला धरून उभी राहिले. ‘हमारे... घर में... भी...’ इथे तो जरा थांबला. मग पुढचं. लार हा शब्द त्याला दोनदा लावावा लागला. तो थांबला नाही हो! मध्येच सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यानं शेवटपर्यंत वाचलं, मेलेला लोहपंख बरा तिथपर्यंत, आणि त्याखालचं संपादकाचं उत्तरही, ‘निर्मला बहन, निश्चिंत रहें, आपका लोहपंख ऐसा कर ही नहीं सकता!’ कात्री कधी थांबली होती कोण जाणे.

‘‘चांगलं झालं वं,’’ भाऊ म्हणाला. ‘‘छापून आलं तुहं नाव.’’ मग त्यानं बाजेच्या दोरीतून पहिला भागही काढला, दोन्ही पुस्तकं काखेत धरली आणि ‘चाचाले देऊन येतो’ म्हणून गेला.

तो गेल्यावर मी मायकडे पाहिलं. माय हिंदी कधी बोलायची नाही. बिड्या मोजून घेणाऱ्या हिंदी मुनशीलाही आपल्याच बोलीत उत्तर द्यायची. माझा तोच आधार होता. ती खाली मान घालून पानं गोळा करत होती. ‘‘हिंदी मले समजते, निरू,’’ एवढंच म्हणाली. आयुष्यात तिनं मला मारलं असेल, शिव्या दिल्या असतील, ते सगळं मी विसरले. हे नाही विसरले.

भाऊ त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी नागऱ्याच्या देवळाच्या मागे शुद्ध हरपून पडलेला सापडला. ओठ निळे. दवाखान्यातून जीव परत आला तो नशिबानं. नवेगाव बांधहून मामा आले आणि त्याला तिकडे घेऊन गेले. तळ्यावर मासे धरणारी माणसं ती, त्यांनी त्याला जाळी ठेवायच्या खोलीत ठेवलं. तो ओरडायचा, उलट्या करायचा, मामांना शिव्या द्यायचा, मामी भाताची पेज पाजायची. महिने गेले. माय दर आठ दिवसांनी बसनं डबा घेऊन जायची आणि दर वेळी विचारायची, ‘‘येतेस का?’’ मी म्हणायची, परीक्षा आहे. एवढ्या परीक्षा कुणाला असतात! मी एकदाही गेले नाही. भाऊ तिथेच सुटला, कुठल्याही लोहपंखाशिवाय. तिथेच मासे धरायला लागला, तिथेच लग्न केलं. माझ्या लग्नात येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्या चिठ्ठीचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. आम्ही सणावाराला भेटतो, जेवतो, पोराबाळांचं बोलतो. झालं.

आता माझ्या मुलानं मला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलंय, जुन्या कॉमिकवेड्यांचा ग्रुप. सगळे टकले, पोट सुटलेले बाप्ये, आणि एखाद-दुसरी माझ्यासारखी. गेल्या महिन्यात कुणीतरी तिथे ‘नीली सुई’ची सगळी पानं टाकली. आणि त्यावर लोक काय काय लिहायला लागले! ‘उस ज़माने में इतनी हिम्मत वाली कहानी! चिट्ठियों ने सत्यानाश कर दिया.’ ‘असली अंत में वो इलाज कराने वाला था.’ मग एकानं शेवटचं पान टाकलं आणि खाली लिहिलं, ‘ये निर्मला कौन थी यार?’ त्यावर हसणारी तोंडं. एकानं माझी बाजूही घेतली, ‘सही लिखा था बहन ने.’ ते वाचून मला जास्त लाज वाटली. मी दोन दिवस ग्रुप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी नवेगावची बस धरली.

भाऊ अंगणात जाळं विणत बसला होता. केस पांढरे, पाठ वाकलेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चिठ्ठी, ग्रुप, माफी, सगळं एका दमात, नाहीतर पाणी पिऊन बसले असते आणि राहून गेलं असतं. त्यानं जाळ्यातली गाठ पुरी केली.

‘‘सुईवाला लिवलीस, लार लिवलीस. होतोच ना मी तसा,’’ तो म्हणाला. ‘‘त्याचं काही नाही. पण ‘एक आदमी’ काऊन लिवलीस वं? भाऊ लिवाले का झालं होतं?’’

इतकी वर्षं मी समजत होते की तेवढं एक मी बरं केलं होतं.

मी मोबाईल काढला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून ग्रुपवर लिहिलं, ‘वो निर्मला मैं हूँ. और वो आदमी मेरा भाई है, नामदेव. उसने सुई छोड़ दी.’ भाऊ वाकून पाहत होता. चष्मा नाही, तरी बोट ठेवून लावत होता, मे... रा... भा... ई...

‘‘पाठवलीस?’’

मी अजून पाठवलं नव्हतं. ग्रुपमध्ये माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, ते काय म्हणतील, असं तेव्हाही माझ्या मनात आलं. त्याच्या शेजारी बसून! मग पाठवलं.

‘‘पाठवली,’’ मी म्हटलं.

‘‘हं,’’ म्हणाला आणि त्यानं जाळं परत मांडीवर घेतलं. ‘‘जेवून जाजो. झिंगे भाजले आहेत.’’